एक लाख युरोचं बक्षीस, पण बिल्डिंग कुठंय?

2025 साली डेन्मार्कच्या ओबेल अवॉर्डनं आर्किटेक्चरसाठीचं एक लाख युरोचं बक्षीस एका सह्यांच्या मोहिमेला दिलं. बिल्डिंगला नाही, पुलाला नाही, साध्या बस स्टॉपलाही नाही. हाउसयुरोप! असं मोहिमेचं नाव (उद्गारचिन्ह त्यांचंच, माझं नाही), आणि मागणी अशी की युरोपियन युनियननं कायदे असे करावेत की जुनी घरं पाडण्यापेक्षा दुरुस्त करून वापरणं लोकांना सोपं जाईल आणि परवडेल. आमच्या कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर ही बातमी पडली आणि दिवसभर नुसता दंगा. एकानं लिहिलं, "पुढच्या वर्षी सोसायटीच्या नोटीस बोर्डाला द्या." दुसऱ्याचं म्हणणं, पाच वर्षं ड्रॉइंग बोर्डावर पाठ मोडून घेतली ती काय सह्या गोळा करायला का. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण रात्री बसून पहिल्यापासूनची सगळी यादी काढली, एकेक नीट वाचलं, आणि माझं मत असं झालंय की हे बक्षीस बरोबर ठिकाणी गेलंय, आधीच्या दोन-तीन बक्षिसांपेक्षा जास्तच बरोबर. का ते सांगते, पण जरा पाल्हाळ लागेल.

आधी हे अवॉर्ड काय प्रकरण आहे ते. हेन्रिक फ्रोडे ओबेल नावाचे एक डॅनिश उद्योजक होते, त्यांच्या नावाच्या फाउंडेशनकडून हे 2019 पासून दरवर्षी दिलं जातं. पैशांबरोबर टोमास सारासेनो या कलाकाराची एक कलाकृती मिळते. अर्जबिर्ज करायची सोय नाही, जूरी स्वतः शोधते. दर वर्षी जूरी आधी एक विषय ठरवते, एखाद वर्षी शहरं, एखाद वर्षी बांधकामातून होणारं प्रदूषण, आणि त्या विषयावर जगात कुणी काय केलंय ते बघते. मुख्य म्हणजे नियमात पहिल्या दिवसापासून स्वच्छ लिहिलेलं आहे की बक्षीस बिल्डिंगला मिळू शकतं तसंच जाहीरनाम्याला, प्रदर्शनाला, मास्टरप्लॅनला, बागेलाही मिळू शकतं. म्हणजे यांनी आयत्या वेळी नियम वाकवले असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. आपण वाचलं नव्हतं, एवढंच.

आता डेन्मार्क म्हटलं की आर्किटेक्टच्या डोक्यात पहिलं नाव येतं यॉर्न उत्झोन, सिडनी ऑपेरा हाउसवाला. त्याची गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे कारण डेन्मार्कमध्ये आर्किटेक्चरचा मान कसा व्हायचा ते त्यात दिसतं. 1957 मध्ये अडतिसाव्या वर्षी त्यानं त्या ऑपेरा हाउसच्या डिझाइनची स्पर्धा जिंकली, तिकडे जाऊन वर्षानुवर्षं घासली, आणि 1966 मध्ये तिथल्या सरकारशी पैशांवरून आणि ड्रॉइंगवरून इतकं बिनसलं की काम अर्धं टाकून तो निघून आला. पुन्हा कधी गेला नाही. 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज होता, खर्च झाला 10 कोटी 20 लाख. 1973 ला राणी एलिझाबेथनं उद्घाटन केलं तेव्हा हा तिथे नव्हता, आणि 2008 मध्ये गेला तोवर आपली पूर्ण झालेली बिल्डिंग त्यानं डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण मधल्या काळात, सोडून आल्यावर वर्षभरातच, म्हणजे 1967 ला, त्याच्या देशानं त्याला सी. एफ. हान्सन मेडल दिलं. हे डेन्मार्कच्या आर्किटेक्टांचं सगळ्यात मानाचं मेडल. ज्याच्या नावानं आहे तो हान्सन म्हणजे 1807 मध्ये इंग्रजांनी तोफांनी कोपनहेगन भाजून काढलं त्यानंतर तिथलं मोठं चर्च पुन्हा उभं करणारा माणूस. मला ही उत्झोनची गोष्ट फार आवडते. बाहेर नाचक्की करून घेऊन आलेल्या पोराला घरच्यांनी पाठीवर हात ठेवावा तसं ते आहे. पण नीट बघितलं तर त्यातला मान सगळा माणसाचा आहे. मोठा माणूस, मोठी वस्तू, गळ्यात मेडल. आपण सगळे याच छापाच्या कौतुकावर वाढलोय. 2018 ला बाळकृष्ण दोशींना प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं तेव्हा आपणही आधी काय म्हटलं, तर पुण्यात जन्मलेत हो. त्यांनी इंदूरच्या अरण्य या वसाहतीत गरिबांना थोडं बांधलेलं घर देऊन पुढचं त्यांच्यावर सोडलं होतं, ते किती जणांनी सांगितलं?

ओबेलनं हा छाप सोडला, आणि माझ्या मते तेच त्यांचं धाडस. पण छाप सोडला की दुसरी अडचण येते. मेडल गळ्यात घालायचं तर निदान गळा कुणाचा ते ठरलेलं असतं. कल्पनेला बक्षीस द्यायचं तर ती खरी की खोटी, चालली की पडली, हे कुणाला विचारायचं? म्हणून मी माझ्यापुरती एक साधी कसोटी लावते. ज्या गोष्टीला बक्षीस मिळालंय तिच्यामुळे ज्याचा रोजचा दिवस बदलला असा एक माणूस मला दाखवा, ज्याला जाऊन विचारता येईल की बाबा, कसं चाललंय. बस. आर्किटेक्चर आहे का नाही यावर वाद घालण्यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण चकचकीत बिल्डिंगसुद्धा यात नापास होऊ शकते.

पहिल्याच वर्षीचं बक्षीस घ्या. जपानमध्ये तोचिगी प्रांतात जुन्या इशिगामी या आर्किटेक्टनं केलेली पाण्याची बाग. ('जुन्या' हे नाव आहे त्याचं, म्हातारा नाहीये.) शेजारच्या जागेवर हॉटेल होणार होतं, तिथली झाडं तोडली जाणार होती. यानं ती 318 झाडं मुळासकट उचलून बाजूच्या माळावर लावली आणि मधे 160 छोटी तळी केली. तो माळ म्हणजे एकेकाळची भातखाचरं, पाण्याची वाट आधीचीच होती. भाताची रोपं एका खाचरातून उपटून दुसऱ्यात लावतात तसं पूर्ण वाढलेल्या झाडांचं केलं की हो त्यानं. फोटो बघितले तर डोळे निवतात, खोटं नाही. पण माझी कसोटी लावली की मी अडते. कुणाचा दिवस बदलला? हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याचा, एक सकाळ. झाडं वाचली हे खरं, पण झाडं जाणार होती ती हॉटेलमुळेच. मला ते सुंदर वाटतं आणि तेवढंच वाटतं. पहिल्या वर्षी जूरीनं जरा सेफ खेळलं असं माझं मत.

दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी जे निवडलं त्यावर मी तासभर बोलू शकते. बांगलादेशात उत्तरेला दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रापूर नावाचं खेडं आहे, तिथली आनंदालॉय. बंगाली उच्चार सोडला तर नाव आपलंच, आनंदालय. अ‍ॅना हेरिंगर ही जर्मन आर्किटेक्ट, 1977 चा जन्म. एकोणिसाव्या वर्षी दीपशिखा नावाच्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून बांगलादेशात गेली आणि परत परत जात राहिली. त्याच गावात तिनं आधी मातीची शाळा बांधली, त्या शाळेला 2007 ला आर्किटेक्चरचं आगा खान अवॉर्ड मिळालं. आनंदालॉय त्यानंतरची. खाली अपंग मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी थेरपी सेंटर, वर गावातल्या बायकांचं शिवणकामाचं वर्कशॉप.

बांधकाम कसं, तर माती आणि बांबू. साचा न लावता चिखलात पेंढा कालवून थरावर थर चढवायचे, थर जरा आवळला की धारदार फावड्यानं कडा तासून सरळ करायची, वाळला की पुढचा थर. ज्याच्या आजोळी मातीच्या भिंतींचं घर होतं त्याला हे सांगायची गरज नाही, चिखल तुडवताना पायाला पेंढ्याची काडी कशी टोचते ते माहीत असतं. साचा नसल्यामुळे भिंत वळवायला जास्तीचा खर्च येत नाही. काँक्रीटमध्ये गोल भिंत म्हटली की शटरिंगवाला कपाळाला हात लावतो आणि रेट वाढवतो, इथे मिस्त्रीचा हात वळला की भिंत वळली. म्हणून ही बिल्डिंग सरळ नाहीच, ती वळत वळत जाते आणि तिच्याभोवती जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत एक रॅम्प गुंडाळलेला आहे. खाली गुहेसारख्या जागा, पोरांनी आत घुसून बसावं अशा.

तो रॅम्प मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे रॅम्प म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. कम्प्लीशन सर्टिफिकेटसाठी मागच्या दाराशी केलेला, चढ इतका की व्हीलचेअर सोडाच, भाजीची पिशवी घेऊन चढताना दम लागेल, आणि त्यावर वॉचमनची सायकल. मी स्वतः असे रॅम्प ड्रॉइंगमध्ये काढलेत, कबूल करते. रुद्रापूरमध्ये तोच रॅम्प बिल्डिंगचा चेहरा केलाय. गावात कुणीही आलं की पहिला प्रश्न हाच, हे वळत गेलेलं काय आहे आणि कशाला? आणि मग उत्तर द्यावं लागतं की जे पायऱ्या चढू शकत नाहीत त्यांनी पण वर जावं म्हणून. ज्या भागात अपंग मूल म्हणजे मागच्या जन्मीचं पाप समजून घरात लपवून ठेवतात तिथे हे उत्तर रोज दहा वेळा द्यावं लागणं यालाच मी डिझाइन म्हणते. बांधणारे गावातलेच कारागीर होते, त्यांच्यात काही अपंग लोकही होते. पैसा सिमेंट कंपनीकडे न जाता बराचसा गावातल्या हातांना मजुरी म्हणून मिळाला.

वरच्या मजल्याचं तर अजून वेगळंच. बायका तिथे जुन्या साड्या एकावर एक घालून हातानं टाके घालतात, आपल्याकडची गोधडीच म्हणा ना. मूळ प्लॅनमध्ये हा मजला नव्हता, नंतर वाढवला, म्हणजे या बायकांना गाव सोडून शहरातल्या गारमेंट फॅक्टरीत जावं लागू नये. आणि इथे मला राणा प्लाझा आठवल्याशिवाय राहत नाही. 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळ सावर, आठ मजली काँक्रीटची बिल्डिंग, वरचे मजले बेकायदा चढवलेले, आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले तरी गारमेंटच्या कामगारांना आत बोलावलं आणि सगळं खाली आलं. 1,134 माणसं गेली. त्यात बायकाच जास्त. आता त्याच देशात शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी गावात, मातीत, दोन मजली, उजेड-वारा असलेली जागा होते. आपल्याकडे अजून कुणी मातीचं घर म्हटलं की समोरचा विचारतो, पक्कं कधी करणार? सावरची ती बिल्डिंग पक्कीच होती.

तर आनंदालॉय माझ्या कसोटीत पैकीच्या पैकी. फक्त एक गोष्ट खटकते आणि ती फक्त ओबेलची नाही, सगळ्याच अवॉर्डांची आहे. चिखल तुडवणारे, बांबू बांधणारे, फावड्यानं कडा तासणारे, त्यांच्या हाताला जे कळत होतं त्यावर ही भिंत उभी आहे, आणि बक्षिसाच्या पाटीवर नाव एकच. हेरिंगर स्वतः प्रत्येक ठिकाणी कारागिरांचं श्रेय सांगते, तिचा दोष नाहीच. पण छाप सोडायचाच तर इथेही सोडा ना. (2024 ला मेक्सिकोच्या कोलेक्टिव्हो सी 733 ला बक्षीस मिळालं तेव्हा निदान एका माणसाऐवजी गट होता. त्यांनी सरकारी योजनेतून 36 महिन्यांत 36 सार्वजनिक जागा बांधल्या, मार्केट, पार्क वगैरे, आणि चांगल्या बांधल्या. सरकारी काम, वेळेत आणि देखणं, या तीन गोष्टी एका वाक्यात मी पहिल्यांदाच लिहितेय.)

2021 चं बक्षीस कार्लोस मोरेनो यांना, पंधरा मिनिटांच्या शहराच्या कल्पनेसाठी. मोरेनो मूळ कोलंबियाचे, पॅरिसला प्रोफेसर, आणि आर्किटेक्ट नाहीतच. कल्पना अशी की घर, काम, दुकान, दवाखाना, शाळा, करमणूक, सगळं चालत किंवा सायकलवर पंधरा मिनिटांत मिळालं पाहिजे. 2016 ला त्यांनी मांडली, 2020 ला पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो यांनी निवडणुकीत उचलली आणि जगभर गेली. पुण्यात पेठेत वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसूच येईल, कारण चितळ्यांपासून वैकुंठापर्यंत सगळं पंधरा मिनिटांत होतं की आमच्याकडे, कुणी बक्षीस नाही दिलं. पण पुढे जे झालं ते हसण्यासारखं नाही. 2023 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या रस्त्यावर लोकांनी मोर्चा काढला की हे तुम्हाला पंधरा मिनिटांच्या पिंजऱ्यात कोंडणार आहेत, बाहेर पडायला परवानगी लागणार आहे. मोरेनोंना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. वेडेपणा आहे, ते मान्य. पण मला यात कल्पनेला बक्षीस देण्यातली खरी अडचण दिसते. कल्पनेला पत्ता नसतो. आनंदालॉयबद्दल कुणी अफवा उठवली तर जाऊन बघता येतं, रॅम्प आहे, पोरं वर-खाली करतायत, संपला विषय. पंधरा मिनिटांच्या शहराबद्दल कुणी काहीही म्हणू शकतं, कौतुक करणारासुद्धा. प्रत्येक बिल्डर आता ब्रोशरमध्ये 'वॉक टु वर्क' लिहितो, फ्लॅटची किंमत अशी की ऑफिसात काम करणाराला तिथे राहणं परवडत नाही. पंधरा मिनिटांत सगळं आहे, पण कुणाला? हा प्रश्न त्या कल्पनेनं पुरेसा विचारला नाही असं मला वाटतं, आणि म्हणून माझ्या यादीत हे बक्षीस काठावर पास.

सेराटेक या सिमेंटच्या तंत्राचं थोडक्यात सांगते. 2022 ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या दोन पीएचडी करणाऱ्या पोरांना बक्षीस. ऑलिव्हीन नावाचा दगड घ्यायचा, कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड त्याच्या प्रक्रियेत अडकवायचा, त्यातून सिलिका निघते ती सिमेंटमध्ये काही भाग सिमेंटच्या जागी घालायची, आणि जे दुसरं निघतं त्याच्या विटा करायच्या. जगातला सुमारे 8 टक्के कार्बन डायऑक्साइड एकट्या सिमेंटमधून येतो हे लक्षात घेतलं तर बक्षीस का दिलं ते कळतं. आर्किटेक्चर आहे का? आमच्या ग्रुपवर यावर पण भांडण झालं असतं, पण आपण सगळे जे ओततो ते काँक्रीट आर्किटेक्चर नसेल तर मग आपण नक्की काय करतो? कसोटी मात्र इथे लागत नाही अजून, कारण दाखवायला माणूस नाही. हे बियाणाला दिलेलं बक्षीस आहे. पीक आलं का ते बघायला त्याच जूरीनं दहा वर्षांनी परत जावं आणि जे दिसेल ते, फसलं असेल तर तेसुद्धा, तितक्याच मोठ्यानं सांगावं, एवढीच माझी मागणी.

केट ऑर्फ या लँडस्केप आर्किटेक्टच्या लिव्हिंग ब्रेकवॉटर्सला, म्हणजे लाटा मोडणाऱ्या समुद्रातल्या बांधांना, 2023 ला मिळालं तेही खरं तर काम पुरतं संपायच्या आधीच. पण तिथे निदान समुद्रात दगड दिसत होते. न्यूयॉर्कला स्टॅटन आयलंडच्या टोकाला टॉटनव्हिल म्हणून वस्ती आहे, एकेकाळी कालवांच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, धंद्यावर उभी राहिलेली. 2012 च्या सँडी वादळानं ती पार झोडपली. नंतर भिंत बांधा असं म्हणणारे होतेच. हिनं आणि तिच्या स्केप या ऑफिसनं भिंतीऐवजी किनाऱ्यापासून आत आठ बांध घातले, एकूण साधारण 2,400 फूट लांबीचे, पाण्यात अर्धे बुडालेले. पाणी अडवायचं नाही, लाटेचा जोर मोडायचा. बांधांना मुद्दाम फटी आणि कोनाडे ठेवलेत, त्यात मासे राहावेत आणि कालवं परत यावीत म्हणून, आणि या सगळ्यात शाळेच्या पोरांनाही घेतलंय. आपल्या कोकणात धूपप्रतिबंधक बंधारा म्हणजे किनाऱ्यावर डंपरनं ओतलेली दगडांची रास. होडी ओढायला वाट नाही, मासे वाळत घालायला जागा नाही. म्हणून मला ते बांधातले कोनाडे फार आवडले. कुणीतरी ड्रॉइंग काढताना माशाचा विचार केला.

आता परत हाउसयुरोप! कडे. याला 'इमारतच नाही' म्हणून हसलो आपण, पण माझी कसोटी लावली तर हे पास होतं, आणि कसं ते सांगते. युरोपियन युनियनच्या नागरिकांना एक हक्क आहे, वर्षभरात किमान सात देशांतून मिळून दहा लाख सह्या जमवल्या तर युनियनचा कारभार बघणाऱ्या युरोपियन कमिशनला त्या मागणीवर उत्तर द्यावंच लागतं. कायदा करावाच लागतो असं नाही, फक्त उत्तर. यांच्या मागण्या तीन. दुरुस्तीच्या कामांवर आणि जुन्या मालावर टॅक्स कमी करा. जुन्या इमारतीची तपासणी नव्याच्या फूटपट्टीनं न करता तिच्यात धोका किती आणि दम किती हे नीट मोजा. आणि उभ्या असलेल्या इमारतीत जो कार्बन आधीच खर्ची पडलाय, म्हणजे विटा भाजताना, स्टील वितळवताना, सिमेंट जाळताना जो धूर निघून गेला, त्याची किंमत धरा. पाडली की तो सगळा धूर फुकट गेला आणि नव्यासाठी परत काढायचा. विचार केला तर ही आर्किटेक्टनी स्वतःच्या धंद्याविरुद्ध केलेली मागणी आहे. नवीन बांधलं तर फी जास्त मिळते, सगळ्यांना माहितीये. आणि दिवस कुणाचा बदलेल विचाराल, तर घर पाडायचंय म्हणून बाहेर पडावं लागणाऱ्या प्रत्येक भाडेकरूचा, प्रत्येक म्हाताऱ्याचा. असा माणूस दाखवायला मला बर्लिनला जावं लागत नाही, आमच्या मजल्यावरच होते.

आमची सोसायटी 1978 ची, तीन मजली, पुण्यात. कुठली ते राहू दे. रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली तेव्हा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सगळे बसले होते आणि अडीच तास तीनच विषय, बिल्डर कार्पेट एरिया किती टक्के वाढवून देणार, भाडं किती देणार, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे किती. समोरच्या ब्लॉकमधले काका उभे राहिले आणि म्हणाले, "पण हीच दुरुस्त करायची तर किती लागतील, कुणी विचारलंय का?" क्षणभर सगळे गप्प, आणि मग मागून कुणीतरी हसलं. काका खाली बसले. मी आर्किटेक्ट, तिथे हजर, मला उत्तर येत होतं, निदान अंदाज सांगता आला असता. नाही सांगितला. कारण मलाही माहीत होतं की पाडून बांधलं तर जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधायची परवानगी, मिळतो आणि दुरुस्त केली तर प्रत्येकाच्या खिशातून पैसे जातात. काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता, सगळा हिशेबच असा मांडलाय की तो प्रश्न वेड्यासारखा वाटावा. जो हिशेब इमारत पाडायला लावतो तो हिशेब बदला असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एक बिल्डिंग डिझाइन करण्यापेक्षा मोठं काम केलंय असं मी म्हणते. दहा लाख सह्या झाल्या असोत वा नसोत.

एक खरंय, हिशेब युरोपात बदलला म्हणून इकडे बदलणार नाही. तिकडे लोकसंख्या वाढत नाहीये फारशी, आपल्याकडे खरोखर घरं कमी आहेत, आणि काही इमारती इतक्या वाईट अवस्थेत आहेत की पाडण्याशिवाय इलाज नाही. मुंबईत दर पावसाळ्यात काय होतं ते पेपरात वाचतोच. सरसकट पाडू नका असं मी म्हणत नाही. पण किती दम आहे ते न मोजता पाडायची, हे कशात बसतं? आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं होतं, त्याचा रिपोर्ट मीटिंगमध्ये कुणी उघडला नाही.

सगळे खाली करून गेल्यावर मी एकदा चावी द्यायला गेले होते. जिन्यात एक माणूस हातात छोटी वही घेऊन उभा, जुना माल घेणारा. पहिल्या मजल्यावरून सुरुवात करून तो प्रत्येक दारावर बोटाची गाठ वाजवत होता आणि कान देऊन ऐकत होता. आमच्या दारापाशी आला, वाजवलं, नखानं पॉलिश जरा खरवडलं, वास घेतला. म्हणाला, "ताई, बलसाडी साग आहे हा. अजून शंभर वर्षं हलणार नाही." मग खिडकीचे गज मोजले, किचनच्या कडाप्प्याच्या ओट्यावर थाप मारली, शहाबादी फरशी पायानं दाबून बघितली, आणि सगळं ओळीनं वहीत लिहून घेतलं, प्रत्येकापुढे आकडा.